चंद्रावरचे पाऊल आणि इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ

पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे ‘नुकतीच पूर्ण झालेली क्रिया’ ही शाळेत पाठ केलेली व्याख्या अनेकांच्या मनात जन्मभर टिकून राहते. ‘ह्यूमन्स हॅव वॉक्ड ऑन द मून’ हे वाक्य आजही निर्दोष आहे. चंद्रावर माणूस शेवटचा चालला तो मात्र 1972 मध्ये, म्हणजे ‘नुकतीच’ ही अट येथेच गळून पडते. ‘द युनिव्हर्स हॅज एक्झिस्टेड फॉर 13.8 बिलियन यर्स’ या वाक्यात तर क्रिया पूर्णही झालेली नाही, कारण विश्व अजून आहेच.

मग या काळाचा अर्थ काय? तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांनी 1947 मध्ये याचे फार देखणे उत्तर दिले. त्यांच्या मते काळाच्या प्रत्येक रूपात तीन क्षण गुंतलेले असतात: घटना घडल्याचा, वाक्य बोलल्याचा, आणि जेथे उभे राहून आपण घटनेकडे पाहतो तो संदर्भक्षण. ‘वॉक्ड’मध्ये संदर्भक्षण घटनेपाशीच, भूतकाळात असतो, ‘हॅड वॉक्ड’मध्ये तो घटनेनंतरचा, पण बोलण्याआधीचा असतो, ‘हॅव वॉक्ड’मध्ये घटना मागे राहते आणि संदर्भक्षण बोलण्याच्या क्षणाला येऊन मिळतो. म्हणूनच ते वाक्य आजच्या मानवजातीविषयी काही सांगते.

आता त्याच वाक्याला ‘इन 1969’ जोडले की ते चुकते. साल संदर्भक्षणाला चिकटते असे मानले तर कारण उघड आहे: संदर्भक्षण ‘आत्ता’ आहे आणि आत्ता 1969 नाही. ‘सिन्स’ मात्र चालतो, कारण त्याने सांगितलेला कालखंड आजपर्यंत येऊन भिडतो. परंतु ‘हॅड वॉक्ड’सोबत साल थेट घटनेलाही चिकटू शकते, मग ‘हॅव’सोबतच ते का अडते? भाषाशास्त्रज्ञ वोल्फगांग क्लाइन यांनी 1992 च्या आपल्या लेखाला या काळाचे ‘कोडे’ असेच नाव दिले होते.

जर्मन भाषेत याच घडणीच्या रूपाला ‘काल’ बिनदिक्कत जोडता येते, आणि मराठीतही ‘ती काल आली आहे’ हे स्वाभाविक आहे. मराठी माणसाच्या तोंडून ‘शी हॅज कम यस्टरडे’ निघते त्यामागे निष्काळजीपणा नसतो; मराठीचा नियम इंग्रजीत पाळला गेलेला असतो. ‘जस्ट’ किंवा ‘ऑलरेडी’ दिसला की ‘हॅव’ लावा, असे सांगून दहा मिनिटांत सर्व काळ शिकवण्याची हमी देणारे तक्ते येथे कुचकामी ठरतात. अमेरिकी इंग्रजीत तर ‘आय ऑलरेडी एट’ असे सर्रास म्हटले जाते.