फॉलोअर्स वाढले म्हणजे गिऱ्हाईक टिकलं?

हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘इन्स्टाग्रामवर १०,००० फॉलोअर्स करा, खोल्या आपोआप भरतील.’ पटतो, कारण आकडा डोळ्यांना दिसतो. पण फॉलोअर म्हणजे मुक्कामी पाहुणा नव्हे.

पडताळून बघता येतं. इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल (व्यवसायासाठीचं) करा आणि इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, फॉलोअर्स कोणत्या शहरांतले आहेत ते बघा. जळगावच्या लॉजचे फॉलोअर्स जळगावचेच असतील तर ते शेवभाजी खायला येतील, मुक्कामाला कशाला? अजिंठ्याला निघालेला पर्यटक, केळीचा व्यापारी बाहेरगावचा असतो. मग रजिस्टर काढा: गेल्या सहा महिन्यांत तोच मोबाइल नंबर पुन्हा किती वेळा आला? खरा आकडा हा. विकत घेतलेले फॉलोअर्स या वहीत सापडायचे नाहीत.

परतणारा पाहुणा जोडायला व्हॉट्सअ‍ॅप जास्त कामाचं. चेक-आउटला विचारूनच नंबर घ्या, आणि आपला नंबर त्याला सेव्ह करायला सांगा. तो सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) मेसेज पोचतच नाही. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवलंत तर लोक ब्लॉक करतील. हिवाळ्यात भरिताची वांगी बाजारात आली की एक फोटो, खोलीचा दर आणि थेट बुकिंगचा नंबर, एवढंच पाठवा.