बॅटरी शून्यावर आणूनच चार्ज करायची? नाही!

‘बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा, नाहीतर तिची क्षमता कमी होते’ हा सल्ला प्लग-इन हायब्रिड (प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन, दोन्ही असलेली गाडी) घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मिळतो. तो चुकीचा आहे. त्याचं मूळ जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांत आहे. अर्धवट चार्जिंगची ‘सवय’ त्यांना लागू शकायची. आजच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते, आणि तिला थोडं थोडं चार्जिंग उलट मानवतं.

शिवाय पडद्यावरचं शून्य हे खरं शून्य नसतंच. कंपनी वरखाली दोन्हीकडे राखीव जागा ठेवते. २०११च्या शेव्हरोले व्होल्ट या प्लग-इन हायब्रिडची बॅटरी १६ किलोवॅट-तासांची होती, पण गाडी त्यातले साधारण १० च वापरायची. म्हणून रोज रात्री प्लग लावायला अजिबात घाबरू नका. भरल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. कडक उन्हात पूर्ण चार्ज केलेली गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणं तिला जास्त जाचतं. गाडी घरी ठेवून लांबच्या मुक्कामाला जाताना बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा.

आणि इंजिनाला विसरू नका! महिनोन्‌महिने फक्त विजेवर चालवलं तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. काही गाड्या त्यासाठीच मधूनमधून स्वतःहून इंजिन सुरू करतात. तो बिघाड नव्हे, चालू द्या.