वीस लाख चिप्स म्हणजे वीस लाख डॉलर नव्हेत: टीव्हीवरची पोकर टूर्नामेंट आणि कॅश गेम

टूर्नामेंटचं फायनल टेबल, म्हणजे शेवटच्या काही खेळाडूंचा टप्पा, चालू असतं. हातात दम नसताना कोणीतरी चिप्सचा ढीग पुढे सरकवतो आणि कॉमेंटेटर ओरडतो, "वीस लाख डॉलरचा ब्लफ!" अहो, डॉलर कुठून आले? त्या वीस लाख चिप्स आहेत. हे इतक्या वेळा ऐकलंय की त्या क्षणी माझा हात आपोआप आवाज बंद करायला जातो. त्याहून वाईट म्हणजे हेच ऐकून तयार झालेले प्रेक्षक कॅश गेम बघतानाही तीच फूटपट्टी लावतात, आणि मग दोन्हीकडे निकाल चुकतो.

टूर्नामेंट सगळ्यांनी पाहिलेली असते, तेव्हा थोडक्यात: एकदा फी भरायची, सगळ्यांना सारख्या चिप्स, ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या रकमा) चढत जातात, चिप्स संपल्या की खेळ संपला. कॅश गेममध्ये ब्लाइंड्स तेवढेच राहतात, हरलात तर खिशातून आणखी पैसे काढता येतात, वाटेल तेव्हा उठून जाता येतं. डावातल्या दोघांची कबुली असेल तर ऑल-इननंतर (म्हणजे सगळ्या चिप्स लावून झाल्यावर) उरलेले पत्ते दोनदा वाटून पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, दोन भागांत सोडवतात. टूर्नामेंटमध्ये ते चालत नाही. हे फरक दोन भाग बघितले की कोणालाही कळतात, त्यावर शाई घालवण्यात अर्थ नाही.

मेख आहे ती चिपच्या किमतीत.

2003 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट घ्या, म्हणजे ख्रिस मनीमेकर जिंकला ती. फी 10,000 डॉलर आणि सुरुवातीला चिप्सही 10,000. आकडे जुळले म्हणून किंमतही जुळली असं वाटणं साहजिक आहे. सगळ्या घोळाचं मूळ मला तिथेच दिसतं. (2019 पासून त्याच 10,000 डॉलरला 60,000 चिप्स मिळतात, तरी ओरडा थांबलेला नाही.) त्या वर्षी 839 जण उतरले, म्हणजे एकूण 83 लाख 90 हजार चिप्स. शेवटी त्या सगळ्या मनीमेकरपुढे आल्या. त्याला मिळाले 25 लाख डॉलर. दुसऱ्या आलेल्या सॅमी फार्हापुढे एकही चिप उरली नव्हती. त्याला मिळाले 13 लाख.

शेवटचे दोघे समोरासमोर बसले तेव्हा 13 लाख दोघांच्याही नावावर आधीच लागलेले होते. झगडा होता तो वरच्या 12 लाखांसाठी. टेबलावर चिप्स 83 लाख 90 हजार, पणाला 12 लाख डॉलर, म्हणजे एक चिप साधारण 14 सेंटची. मनीमेकरने राजा आणि सत्तीवर, हातात काहीही न जुळलेलं असताना, ऑल-इन करून फार्हाला नव्व्यांची जोडी टाकायला, म्हणजे डाव सोडायला लावली तो डाव थोर आहेच. पण त्याची किंमत सांगायची तर चिप्सना 14 सेंटने गुणून सांगा.

दोघंच उरले की हिशेब निदान सरळ होतो. तिघे किंवा जास्त असले की तो वाकतो, आणि नेमका तिथेच कॉमेंटेटर फसतो. समजा तिघे उरलेत, तिघांकडे सारख्या चिप्स, आणि बक्षिसं 50, 30 आणि 20. प्रत्येकाचा सरासरी वाटा 33.3. तुम्ही कोणाच्या तरी ऑल-इनला कॉल केलात, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्यात, आणि जिंकलात, तर चिप्स दुप्पट होतात. वाटा दुप्पट होतो का? नाही, तो 43.3 होतो. कारण दोन तृतीयांश चिप्स असल्या तरी 50 च्या वर बक्षीसच नाही. हरलात तर थेट 20 वर. म्हणजे मिळवायचे 10 आणि घालवायचे 13.3. ब्लाइंड्स बाजूला ठेवले तर हा कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता 50 नव्हे, 57 टक्के लागते. आणि गंमत अशी की पत्ते टाकून नुसता बसलेला तिसरा माणूस बसल्या जागी 3.3 कमावतो.

आता स्क्रीनवर जिंकण्याची शक्यता 54 टक्के झळकते, खेळाडू पत्ते टाकतो आणि कॉमेंटेटर म्हणतो, "घाबरला!" घाबरला नाही, त्याला बेरीज येते. शिवाय ती टक्केवारी सगळ्यांचे पत्ते पाहून काढलेली असते, आणि त्याला फक्त स्वतःचे दोन दिसतात. तो मुद्दा मात्र बहुतेकांना आताशा कळलाय.

कॅश गेममध्ये हे वाकणं नसतं. चिप शंभराची म्हणजे शंभराचीच, पहिली असो की शेवटची. 2006 साली सुरू झालेल्या हाय स्टेक्स पोकर या टीव्हीवरच्या कॅश गेममध्ये किमान एक लाख डॉलर घेऊन बसावं लागे आणि नोटांच्या गड्ड्याही टेबलावर असत. डॅनियल नेग्रानू या खेळाडूने तर दहा लाख आणले होते. तिथे 54 टक्के दिसले तर त्याचा थेट पैशात अनुवाद होतो, आणि "दोन लाख डॉलरचा पॉट" हे वाक्य शब्दशः खरं असतं. तिथे पत्ते टाकणाऱ्याला भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

म्हणून मला कॉमेंट्रीही तिकडचीच आवडते. हाय स्टेक्स पोकरचा कॉमेंटेटर गेब कॅप्लन विनोद करायचा, पण स्वतः खेळणारा माणूस. कोण कोणावर चिडलाय, कोण हरलेले पैसे परत मिळवायच्या नादात आहे, हे तो बरोबर टिपायचा. टूर्नामेंटवर कॉमेंटेटर नॉर्मन चॅडचे माजी बायकांवरचे विनोद पहिल्यांदा हसवतात. माझी मागणी फार मोठी नाही: फायनल टेबलवर टक्केवारीच्या शेजारी बक्षिसांचा तक्ता सतत दिसू द्या आणि "ऑल-इन!" असं ओरडायच्या आधी तो एकदा वाचा.

ज्यांना अजूनही पटत नाही त्यांच्यासाठी सॅटेलाइट आहे, म्हणजे जिथे बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट मिळतं ती छोटी टूर्नामेंट. मनीमेकर अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून आला होता. पाच तिकिटं, सहा जण उरलेत, एकाकडे जेमतेम एका ब्लाइंडपुरत्या चिप्स, तुमच्याकडे भरपूर. तेवढ्यात तुम्हाला पुसून टाकू शकेल असा एक जण ऑल-इन करतो आणि तुमच्या हातात दोन एक्के, सगळ्यात भारी सुरुवात. टाकून द्या, जेमतेम चिप्सवाला बहुतेक तुमच्या आधीच बाहेर जाईल. पहिल्याला आणि पाचव्याला तिकीट तेच मिळणार आहे.