वर्कशॉपला येण्याआधी : तुमची रंगवलेली एक्सेल फाइल

आमच्या ओपन सायन्स वर्कशॉपला (म्हणजे संशोधन सगळ्यांना बघता-वापरता येईल असं खुलं कसं ठेवायचं ते शिकायला) नाव नोंदवलं की पहिला फोन ठरलेला असतो, "सर, डेटा कसा आणायचा?" आम्ही सांगतो, समोरचा हो हो म्हणतो, आणि पहिल्या दिवशी पेन ड्राइव्हमधून निघते ती रंगवलेली फाइल. त्यात सकाळचे दोन तास जातात. म्हणून शेवटी हे छापलंच.

रंगवलेली म्हणजे काही ओळी पिवळ्या, काही गुलाबी, मधेच सेल मर्ज केलेले, वर कॉलेजचं नाव, आणि फाइलचं नाव 'फायनल_नवीन_२'. पिवळं म्हणजे काय विचारलं तर "मॅडमनी काढायला सांगितलेले", गुलाबीचं कोणालाच आठवत नाही. आता हीच फाइल सीएसव्ही म्हणून (नुसत्या मजकुराची, कुठेही उघडणारी फाइल) सेव्ह केली की सगळे रंग उडतात, आणि ज्याच्यासाठी डेटा ओपन करतोय त्या माणसाला काढायच्या नि ठेवायच्या ओळी सारख्याच दिसतात. त्यापेक्षा एक कॉलम वाढवा, 'वगळायचं का', हो किंवा नाही, आणि शेजारी कारण. आणि हे सगळं कॉपीवर करा हो, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तसंच ९९९ चं. एका बॅचला ४० शेतकऱ्यांचा सर्व्हे आला होता, सरासरी वय ६९! गावात तरुण कोणी उरलंच नाही की काय असं वाटलं, शोधलं तर एकानं वय सांगितलं नव्हतं म्हणून तिथे ९९९ टाकलेलं, बाकी ३९ जणांची सरासरी ४५. ९९९ सारखा कोड टाका, हरकत नाही, पण रीडमी फाइलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहा : कॉलमचं नाव, अर्थ, एकक, माहिती नसेल तिथे काय टाकलंय. साधी नोटपॅडची फाइल चालते.

आणि एक्सेलवर डोळे मिटून विश्वास नको. मार्च१, सेप्ट२ अशी जीन्सची (जनुकांची) नावं ते बिनबोभाट तारखा करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि मार्च१ चं मार्चएफ१ केलं. तेव्हा सॉफ्टवेअर नाही बदललं, जीनचं नाव बदललं; एक्सेलमध्ये हे बंद करायची सोय नंतर, २०२३ मध्ये आली.

"एवढी फी घेता तर तुम्हीच साफ करून द्या ना" असंही ऐकतो. सुरुवातीला देत होतो. सहा महिन्यांनी तोच माणूस पुढच्या चॅप्टरची तशीच फाइल घेऊन हजर. शिवाय कुठली ओळ वगळायची हा निर्णय तुमचा, पेपर तपासणारा रिव्ह्यूअर उद्या तुम्हाला विचारणार, आम्हाला नाही.

अजून एक, पैसे भरून पेपर ओपन ॲक्सेस (कोणालाही फुकट वाचता येईल असा) केला म्हणजे ओपन सायन्स झालं असं नाही. डेटा, विश्लेषणाचा कोड, पद्धत हेही आलं, आणि त्याला खर्च येतोच असं नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो, म्हणजे डेटा ठेवायची वेबसाइट, २०१३ पासून आहे, फुकट आहे, एका रेकॉर्डला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआयही (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. फक्त एकदा पब्लिश केलं की वाटेल तेव्हा डिलीट करता येत नाही, त्यामुळे सराव आम्ही त्यांच्या सॅन्डबॉक्स, म्हणजे चाचणीच्या, साइटवर घेतो. माणसांची माहिती असेल तर संमतीपत्राचा नमुना सोबत आणा, त्यात डेटा शेअर करण्याबद्दल एक ओळही नसेल तर नंतर फार अडतं.

वर्कशॉप दोन दिवसांचं, मधे १५ दिवसांची गॅप. गॅप मुद्दाम आहे, त्यात तुम्ही स्वतःच्या डेटावर काम करायचं आणि अडलं की फोन करायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लॅबमधले सहा-सात जण एकत्र असाल तर आम्हीच तुमच्याकडे येतो, ते स्वस्तही पडतं. गाइडना पण बसवा, पिवळा रंग बहुतेक वेळा तिथूनच आलेला असतो.

फाइल चार दिवस आधी मेल करा. रंगीत आली तर परत पाठवू, राग मानू नका.