मुंबईचे बंब आणि बंबवाले

17 फेब्रुवारी 1803 रोजी मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, आग लागली आणि बाजारपेठेसह वस्तीचा मोठा भाग जळून गेला. आग विझवणे हेच ज्यांचे काम, अशी माणसे तेव्हा शहरात नव्हती. पुढे कित्येक वर्षे पोलीसच हे काम जमेल तसे सांभाळत. आजच्या अग्निशमन दलाची स्थापना 1887 ची. बंब तेव्हा घोडे ओढत. मोटारीचा पहिला बंब 1907 साली आला.

या दलाचा इतिहास सांगताना 14 एप्रिल 1944 पाशी थांबावेच लागते. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि सोबत कापसाच्या गाठी. स्फोटकांच्या जहाजावर लाल बावटा हवा; युद्धामुळे तो लावलेला नव्हता. दुपारी तळातून धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण जसे पाणी चढले तशा पेटत्या गाठी तरंगत वरच्या स्फोटकांकडे सरकल्या. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. 66 जवान गेले. जहाजात काय भरले आहे हे कळल्यावरही ही माणसे होज सोडून पळाली नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

त्यानंतर शहर झपाट्याने वाढले. 1950 मध्ये हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. मग प्रश्न नुसत्या बंबांचा उरला नाही. आगीची वर्दी आल्यावर किती मिनिटांत पोहोचायचे, त्यासाठी केंद्र कुठे हवे आणि तिथे तिन्ही पाळ्यांना पुरतील इतकी माणसे आहेत का, हे प्रश्न तेव्हापासूनचे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांत घातली. 2006 च्या राज्य कायद्याने इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक आणि रहिवाशांवर टाकली.

उंच टॉवरांसाठी 90 मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी दलाने घेतली. पण ती जुन्या गल्ल्यांत शिरणार कशी? 9 मे 2015 रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली. लाकडी बांधणीची ती जुनी इमारत कोसळली आणि या आगीत दलप्रमुखांसह चार अधिकारी आपण गमावले. नंतरच्या काळात दाट वस्तीसाठी लहान केंद्रे आणि छोट्या, चपळ गाड्यांवर भर आला.

माझ्या मते खरी अडचण माणसांची आहे. बंब निविदा काढून आणता येतो. पण धुराने भरलेल्या जिन्यात श्वसनसंच चढवून, भिंत चाचपत पुढे जाणारा जवान तयार व्हायला वर्षे लागतात. जवानाची जागा रिकामी राहिली की तिथली पाळी दुसऱ्याच्या अंगावर पडते, आणि तो थकलेलाच पुढच्या वर्दीवर जातो.