रिसीव्हर भारी आहे म्हणून कॉर्नर पण भारी? थांबा जरा

अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शुक्रवारी रात्री स्टँडमध्ये हे वाक्य ऐकू येणारच, "दोन्हीकडून खेळतो हो, रिसीव्हर पण आणि कॉर्नर पण, पुढचा ट्रॅव्हिस हंटर आहे बघा." (रिसीव्हर म्हणजे फेकलेला बॉल पकडणारा, कॉर्नर म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, आणि हंटर म्हणजे कॉलेजात दोन्ही करून गाजलेला खेळाडू.) पुरावा काय, तर फोनवर हडल अ‍ॅपचा हायलाइट व्हिडिओ, धाडधाड गाणं, पोराभोवती लाल गोल, ढीगभर कॅचेस आणि शेवटी दोन-तीन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा फेकलेला बॉल मध्येच पकडलेला. अहो, त्या व्हिडिओत रिसीव्हर दिसतो, कॉर्नर त्यात दिसतच नाही.

रिसीव्हर तुम्हाला कळतो. बॉल हातात पकडतो की छातीला लावून, रूट, म्हणजे पळायचा ठरलेला मार्ग, नीट कापतो का, पकडल्यावर किती पळतो, टीव्हीवर दर रविवारी हेच बघता, मी काय सांगणार. उंची, वजन, चाळीस यार्डाचा टाइम ह्यात पण दोघांत सांगण्यासारखा फरक नसतो, आणि तसाही तो टाइम बापाने फोनवर घेतलेला असेल तर सोडूनच द्या.

खरा घोळ इथे होतो: रिसीव्हरला कुठे जायचंय ते स्नॅपच्या, म्हणजे बॉल खेळात येण्याच्या, आधीच माहीत असतं, कॉर्नरला नसतं. कबड्डीत चढाई करणारा आणि कोपरारक्षक, दोघं सारखेच चपळ असतील पण कोपऱ्यात उभं राहणं हे वेगळंच काम आहे ना, तसं. रिसीव्हरचा वेग म्हणजे सरळ पुढे, मनाशी ठरवलेला वेग. कॉर्नर आधी मागे मागे पळतो, मग समोरचा जिकडे वळेल तिकडे कंबर फिरवतो, आणि मग कुठे त्याचा खरा वेग सुरू होतो. चाळीस यार्ड सुसाट पळणारा पोरगा कंबर फिरवताना एक पाऊल मागे पडला तर संपला, ते पाऊल हायस्कूलच्या पातळीवर तो भरून काढेल, कॉलेजात नाही.

म्हणून एकच प्ले नीट बघा, थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), अजून आठ यार्ड पुढे जायचंय. कॉर्नर सातेक यार्ड मागे उभा. समोरचा जोरात येतो आणि दहा-बारा यार्डांवर ब्रेक मारून परत फिरतो. बॉल विसरा, फक्त पाय बघा. चांगला पोरगा मागचा पाय रोवतो आणि त्याच पावलावर पुढे सुटतो, खांदे खालीच. कच्चा पोरगा आधी सरळ उभा होतो, दोन-तीन छोटी पावलं नाचतो, मग निघतो, आणि तोवर कॅच झालेला असतो. हे दिसायला वाइड अँगल लागतो, ब्रॉडकास्टचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि कॉर्नर फ्रेमबाहेर.

दुसरं म्हणजे डोळे. मुळात रिसीव्हर असलेल्या पोराला बॉल हवाच असतो, त्यामुळे मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे फक्त आपल्या रिसीव्हरला धरायचं असताना पण, तो सारखा बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे डोकावतो. त्यातूनच ते इंटरसेप्शन येतात जे व्हिडिओत टाकलेत, आणि त्यातूनच समोरच्याने आऊटचं, म्हणजे बाहेरच्या रेषेकडे वळायचं, सोंग करून वर पळ काढला की हा बघत राहतो आणि टचडाउन, म्हणजे समोरच्यांचा स्कोअर, ते मात्र व्हिडिओत नसतं. म्हणून इंटरसेप्शन मोजणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. हंटरचंच घ्या, २०२४ ला कोलोरॅडो युनिव्हर्सिटीकडून ९६ कॅचेस, १,२५८ यार्ड, १५ टचडाउन, आणि इंटरसेप्शन फक्त ४. तरी रिसीव्हरचं बिलेटनिकॉफ आणि डिफेन्सचं बेडनारिक ही दोन्ही बक्षिसं त्यालाच, वर कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइझमन पण.

मग कोणी म्हणतं, आमच्या पोराच्या बाजूला बॉल टाकतच नाहीत, एवढा घाबरतात. असेल, पण हायस्कूलमध्ये हॅशमार्क (मैदानावरच्या छोट्या रेघांच्या दोन रांगा, प्ले त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधून सुरू होतो) मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे बॉल एका हॅशवर असला की लांबच्या बाजूला साधारण ३५ यार्ड रुंदी उरते, आणि तिकडे लांब आऊट फेकायची ताकद बऱ्याच हायस्कूल क्वार्टरबॅकच्या हातात नसतेच. म्हणजे पोरगा कुठल्या बाजूला उभा होता ते बघा आणि मग ठरवा की श्रेय कोणाचं.

दोन्हीकडून खेळणाऱ्याची आणखी एक भानगड असते. कोच त्याला जपतो. डिफेन्सला तो आठ यार्ड मागे उभा, आरामात, कारण पुढच्या सीरिजला, म्हणजे बॉल आपल्याकडे आला की, त्याच्याकडूनच लांब रूट पळवायचाय, त्यामुळे प्रेस, म्हणजे रिसीव्हरला सुरुवातीलाच भिडून अडवणं, जमतं की नाही हे सीझनभर कळत नाही. चौथ्या क्वार्टरला समोरची टीम त्याच्या बाजूने बॉल घेऊन पळते तेव्हा तो ब्लॉक झटकून टॅकलला जातो की ब्लॉकरला मिठी मारून उभा राहतो ते बघा, दमलेला पोरगा तिथेच उघडा पडतो. आणि सेव्हन-ऑन-सेव्हनच्या (सात-सात जणांच्या, फक्त पासिंगच्या खेळाच्या) क्लिप मला अजिबात दाखवू नका, ना पॅड, ना लाइन, ना क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणी धावून येतंय, तिथे सगळेच डीऑन सँडर्ससारखे महान कॉर्नर.

माझं विचाराल तर दोन्हीत सारखाच वाटला तर कॉर्नरच करा. सतराव्या वर्षी बरे रिसीव्हर पुष्कळ मिळतात, सहाफुटी आणि कंबर सैल असलेला पोरगा क्वचित मिळतो, आणि बॉल पकडायची सवय तर त्याला आहेच. रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला रिसीव्हरच होता, तिथेच कॉर्नरवर गेला, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पाचव्या राउंडला सिएटलने उचलला आणि पुढे मोठा कॉर्नर झाला. पण कंबर कडक असेल तर डझनभर इंटरसेप्शन असले तरी त्याला रिसीव्हरच राहू द्या, उगाच पोराची दोन वर्षं घालवू नका. हंटरला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये जॅक्सनव्हिलने दुसऱ्या नंबरवर घेतला, दोन्हीकडून खेळवायचं म्हणून, पण असा पोरगा तुमच्या काउंटीत दरवर्षी निघत नसतो.

आणि मला पाठवायचंच असेल तर तगड्या टीमविरुद्धची अख्खी मॅच पाठवा, निदान दुसरा हाफ तरी. गाणं काढून, प्लीज.