‘अपरिवर्तनीय’ पल्पदाह: एका निदानाची पार्श्वभूमी

इंजेक्शनची भूल येण्याआधी ‘नस मारणे’ अक्षरशः खरे होते. १८३६ नंतर किडलेल्या पोकळीत आर्सेनिकची लगदी भरून पल्प (दाताच्या आतली नसा-रक्तवाहिन्यांची मऊ ऊती) मारण्याची पद्धत पसरली. लगदी बाजूने झिरपली की हिरडी आणि हाडही सडे. १९४० च्या दशकात लिडोकेन हे भुलीचे औषध आल्यावर जिवंत पल्प उपसणे सोपे झाले आणि रूट कॅनालची सवयच लागली.

पल्प उघडा पडला म्हणजे संपला, हा समज १९६५ मध्ये ढासळला. जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे पल्प उघडे ठेवले, तरी वर नवे डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) जमले. नेहमीच्या उंदरांचे पल्प सडले.

तरीही दवाखान्यातली विभागणी तशीच राहिली. थंड लावल्यावर उठलेली कळ काही सेकंदांत विरली तर पल्पचा दाह ‘परिवर्तनीय’, म्हणजे बरा होऊ शकणारा. ती अर्धा मिनिट किंवा अधिक रेंगाळली, दात आपोआप ठणकला, रात्री झोपू दिले नाही, तर ‘अपरिवर्तनीय’, म्हणजे रूट कॅनाल. अडचण अशी की थंडीची आणि विजेची चाचणी मज्जातंतूची प्रतिक्रिया दाखवते, रक्तपुरवठा नाही. लक्षणे आणि सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र नीट जुळत नाही, हे १९६० च्या दशकातच दिसले होते. असे असताना २००९ च्या परिभाषेत या शब्दाचे ‘लक्षणांसह’ आणि ‘लक्षणांविना’ असे दोन भाग पाडले गेले. दुसऱ्याचे निदान तर बहुतांशी अंदाजावरच. २०१४ च्या एका अभ्यासात ‘अपरिवर्तनीय’ ठरवलेल्या सुमारे ८४ टक्के दातांत ऊतीचे चित्र निदानाशी जुळले. हा आकडा शब्दाच्या बाजूने वारंवार दिला जातो. मात्र अशा अनेक दातांत सडलेला भाग शिखरातच (दाताच्या हिरडीवरच्या भागात) असतो आणि मुळांतला पल्प बऱ्यापैकी निरोगी असतो, हे त्याच्याइतके सांगितले जात नाही. खरे तर उपचार त्यावरच ठरायला हवा.

१९९३ मध्ये एमटीए हे कॅल्शियम सिलिकेट सिमेंट आले आणि मुळांतला पल्प राखणे शक्य झाले. त्यातल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळवंडतो, म्हणून पुढच्या दातांत नंतरची कॅल्शियम सिलिकेट सिमेंटे बरी. पद्धत अशी: रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा), पाण्याच्या फवाऱ्याखाली निर्जंतुक डायमंड बर (ड्रिलचे टोक), शिखरातला सगळा पल्प काढणे, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ५ ते १० मिनिटे. रक्त थांबले नाही तर दाह मुळात उतरला आहे असे धरून रूट कॅनाल. थांबले तर सिमेंटचा २ ते ३ मिमी थर आणि शक्यतो त्याच बैठकीत पक्के फिलिंग. थराखाली रक्ताची गुठळी राहिली किंवा फिलिंग झिरपले की हे फसते. भुलीतल्या ॲड्रेनालिनमुळेही रक्त लवकर थांबते, त्यामुळे हा निकषही तितका निर्मळ नाही.

२०१९ मध्ये युरोपातल्या आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञसंस्थेने हा मार्ग पक्व (मुळे पूर्ण वाढलेल्या) दातांसाठीही मान्य केला. शिखरातला पल्प काढल्यावर थंडीची चाचणी उपयोगाची राहत नाही. ६ आणि १२ महिन्यांनी एक्स-रेत मुळांच्या टोकाशी सावली दिसते का, हेच पाहावे लागते.